फेरी नि फेरा

त्या दिवशी ओट्यावर कोन कोन होता ते पयला सांगते, म्हंजे मागून कोनी बोलायला नको का म्हातारीनी पदरचा घातला. मी होती. माझा नवरा होता, त्याला सगला गाव म्हातारा बोलतो, मी पन बोलते. माझी लेक होती, तीच हा सगला लिवते. मी बोलते तसाच लिव, शानपना नको, अशी तिला ताकीद हाय. लेकीचे घरवाले, म्हंजे आमचे जावई होते, वानगावचे, बोयसरला कंपनीत कामाला जातात. नि बाजूच्या घरातली माझी जाव होती. तिला कोनी बोलावली नव्हती, पन ती असतेच. बस, येवढीच मानसा.

आमी नवापूरचे. दर्या घराच्या मागं. गोष्ट येवढीच का आमाला जाफराबादला जायाचा हाय. जाफराबाद गुजरातमदीच, पन आपल्या वापी-सुरतेच्या बाजूला नाय. मदी मोठी खाडी हाय, खाडी कसली, दर्याच तो, त्याच्या पल्याड. जावयांनी मोबाईलवर नकाशा दाखवला तवा बोलले, आई, तुमच्या मागच्या दारातून निघून जरा उजव्या हाताला गेला का जाफराबादच येते.

मी बोलली, मंग मागच्या दारातूनच जाऊ ना. हायवेला कशाला जायाचा?

ते हसले. मला त्यात हसन्यासारखा काय होता ते कलला नाय. अजून नाय कलला.

जाफराबादला म्हाताऱ्याचा दोस्त राहतो. तो तांडेल होता, तांडेल म्हंजे बोट चालवनारा, नि म्हातारा त्याच्या हाताखाली खलाशी. आमच्या इथली मानसा गुजरातच्या शेठांच्या बोटीवर जातात ही जुनी रीत हाय. पावसाला सरला का जायाचा, दुसरा पावसाला येयाच्या आत परत. एक साल म्हातारा गेला नि आलाच नाय. गावात एका दुकानात फोन होता, तिथं शेठच्या मानसाचा फोन आला. बोट हद्दीच्या पलीकडं गेली, पाकिस्तानात पकडली, मानसा जिवंत हायेत. कदी सुटतील? ते म्हाईत नाय. फोन ठेवला.

किती वर्सा गेली ते मी मोजत नाय. गेला तवा लेक माझ्या कडेवर होती. परत आला तवा तिनी तांब्या पुढं केला नि बोलली, काका, पानी घ्या. त्यानी पानी घेतला.

मदल्या सालांत मी फेरी केली. फेरी म्हंजे काय ते नीट सांगते, कारन सगला घोटाला इथंच झाला. डोक्यावर पाटी, पाटीत मासली, नि घरोघर फिरायचा. नवापूरवरून बोयसर, मंग कंपनीतल्या कामगारांच्या चाली, मंग कॉलन्या. हिंदी मी तिथंच शिकली. ताजा है, सुबे का है, हात लगाके देखो. गोल फिरून संध्याकाली घर. त्याला आमी बाया फेरी बोलतो. आज फेरी लांब झाली, आज माझ्या फेरीत दुसरीच बाई घुसली, असा बोलना असते. फेरी म्हंजे पायाची गोष्ट. जमिनीवरची. पुरुष दर्यात जातात, बाया फेरीला जातात. दर्याचा नि फेरीचा संबंध मासलीपुरता.

म्हातारा परत आला तो अर्धा होऊन आला. मी इचारला नाय, त्यानी सांगतला नाय. पन परत तो बोटीवर चढला नाय. पान्यात पाय पन घातला नाय. वालूवर दुरुस्तीला ओढलेली बोट असते ना, तिच्यावर पन चढत नाय, खालूनच हातोडी देतो. किनाऱ्यावर जाली शिवत बसला तर दर्याकडं पाठ करून बसतो. सगली मानसा तोंड दर्याकडं करून बसलेली, हा एकटा घराकडं. पयला लोका हसायची. मंग सवय झाली. बाहेरचा कोन आला का गावातली पोरा वलख सांगतात, तो बगा, पाठ करून बसलाय तो.

दोस्ताचा फोन मात्र येतो. दोघं अर्धा हिंदी, अर्धा गुजराती नि थोडा आपला असा काय काय बोलतात. दोस्ताचा एक पाय साखरेनी गेला, गुडघ्याखाली कापला, म्हनून तो येऊ शकत नाय. सुटून घरी गेल्यावर त्याला धाकटी पोर झाली. तवा म्हातारा त्याला बोलला होता, हिच्या लग्नाला मी येनार. ती पोर आता लग्नाची झाली. तुलशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त हाय.

त्याच फोनमदी दोस्त आनखी बोलला. फोन मोठ्या आवाजावर होता म्हनून मी ऐकला. बोलला, भाई, सगले आले मला बगायला, तूच कदी नाय आला. मेरे को मालूम है, तू मन में रखके बैठा है.

मनात ठेवायचा काय, ते सांगते. पकडले त्या दिवशी खलाशांनी इचारला होता, तांडेल, आपून कुठं हाय? तो बोलला, अंदर है, जाल छोडो. नि आपल्या हद्दीच्या आत नव्हते. येवढाच. त्यावर त्या दोघांत कदी शब्द झाला नाय. पन दोस्त तेच धरून बसलाय, का माझ्यामुले ह्याची वर्सा गेली, म्हनून हा येत नाय.

म्हातारा फोनवर बोलला, नाय रे.

आता नाय रे बोलून काय होते? पलीकडच्याला तोंड दिसत नाय. फोन ठेवल्यावर म्हातारा मला बोलला, जायाला लागेल गो. त्याला समोर बसून सांगायला लागेल. इतक्या वर्सांत तो मला कुठं जायाचा हाय असा पयल्यांदा बोलला.

मी लेकीला सांगतला, लेकीनी जावयांना. जावयांनी गाडी घेतलीय, जुनीच, पन चांगली हाय. ते खूश झाले. बोलले, आई, आपन मस्त रोड ट्रिप करू. रोड म्हंजे रस्ता तेवढा मला कलला. मंग बोलले, सगला रस्त्यानी नको, फेरीनी जाऊ, सोपा पडेल.

झाला. ते फेरी बोलले नि मी फेरा ऐकला. फेऱ्यानी जायाचा, म्हंजे खाडीला वलसा घालून, गोल फिरून. मला काय चुकीचा वाटला नाय. जिनगीभर मी गोलच फिरली.

मी घरात गेली नि म्हाताऱ्याला बोलली, जावई फेऱ्यानी नेतात.

तो बोलला, दर्या?

दर्याला हात लागनार नाय.

नक्की?

देवासमोर दिवा लागलेला होता. मी दिव्यावर हात ठेवला नि बोलली, नक्की. त्यानी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून दोस्तासाठी जाल्याच्या दोऱ्याचा झोपाला विनायला घेतला. पाय नसलेला मानूस दिवसभर खाटेवर पडून असतो, अंगनात बांधून दिला तर वारा खाईल, असा त्याचा विचार. मी बोंबील वालवून ठेवले न्यायला. त्यावर जाव बोलली, बाय, जाफराबादला बोंबील नेतेस? तिथं घराघरावर बोंबीलच टांगलेला असतो. उद्या बोयसरला कंपनीचा धूर नेशील पिशवीत भरून.

नेते तर नेते, मी बोलली. आपला बोंबील वेगला.

बोंबील बोंबील असतो बाय, तो काय आधार कार्ड घेऊन पोवत नाय.

असा सगला ठीक चालला होता. मंग तो दिवस आला, जावई सुट्टीवर होते, ओट्यावर बसून सगला ठरवायचा होता. म्हातारा खांबाला झोपाला बांधून विनत होता. जावई मोबाईल बगून सांगत होते.

पहाटे निघायचा. चिल्हार फाट्याला हायवे पकडायचा. तलासरी गेली का बॉर्डर ओलांडायची...

म्हाताऱ्याची सुई थांबली. कुठली बॉर्डर?

गुजरातची, बाबा. अच्छाडची.

आमच्या घरात बॉर्डर हा शब्द कोन बोलत नाय. लेकीनी नवऱ्याकडं बगितला. जाव बोलली, भावजी, तिथली बॉर्डर नाय वो. इथं नाक्यावर दारूची गाडी पकडतात, मानसा नाय पकडत. तुमी बोंबीलवाले, तुमाला वास घेऊनच सोडतील.

म्हातारा थोडा हसला. सुई परत चालू झाली. मला बरा वाटला.

मंग हजिऱ्याला पोचायचा, जावई बोलले. फेरीच्या खूप आदी पोचायला लागते. गाडी तपासतात.

मला वाटला, टोल नाका असेल. आजकाल रस्त्यावर काय काय तपासतात.

सगल्यांची आधार कार्डा पायजेत.

म्हातारा बोलला, फेऱ्यानी जायाला आधार कशाला?

फेरीला लागतेच बाबा, नेम हाय.

मला वाटला, असेल नवीन नेम. सरकारचा काय सांगता येते?

गाडीचा तिकीट वेगला, मानसांचा वेगला.

जावेनी कपालाला हात लावला. गाडीला तिकीट? गाडी काय पाय पोटाशी घेऊन शीटवर बसते? बाय, उद्या तुझ्या पाटीला पन तिकीट लावतील, बगत रा.

गाडी खाली राहील, जावई बोलले, आपन वर बसायचा. एसी हाय. चहा मिलतो, वडा मिलतो. आई, तुमाला पाय लांब करून बसता येईल, तुमच्या गुडघ्यांना आराम.

मी मनात बोलली, चांगला हाटेल दिसते. खाली गाड्या, वर बसायचा. जावई किती करतात आपल्यासाठी. पन एक गोष्ट डोक्यात बसेना. हाटेलात बसल्यावर आपन पुढं कसे जानार? जावई बोलत होते, चहा पितो तोपर्यंत घोघा येते, घोघ्याला गाडी खाली उतरवायची का भावनगर, मंग तलाजा, महुवा, राजुला, नि जाफराबाद. मी हाटेलात बसलेली, नि गाव माझ्याकडं येते?

इचारायला लाज वाटली. पन एक इचारला. मंग अमदाबाद कदी लागते?

अमदाबाद लागतच नाय आई.

बडोदा?

तो पन नाय. सरल पार.

तवा म्हाताऱ्यानी सुई खाली ठेवली. तो सुटून आला तवा गाडीनी त्याच बाजूनी आला होता, त्याला गावा म्हाईत हायेत. बोलला, फेऱ्यानी गेला तर बडोदा चुकतो कसा? खाडीला वलसा घातल्याशिवाय भावनगर येते कसा?

जावयांना वाटला म्हाताऱ्याला गोडी लागली. ते उठून त्याच्या बाजूला जाऊन बसले. बगा बाबा, असा, बोलले नि मोबाईल त्याच्यासमोर धरला.

मी पन वाकून बगितला. येवढी मोठी बोट. तिचा तोंड उघडा, जशी आ करून बसलीय, नि तिच्या पोटात गाड्या जातायत. ट्रक जातायत. एका पाठी एक. कोनी घाबरत नाय. वर मानसा कठड्याला टेकून फोटो काढतायत. खाली पानी.

मंग लेक बोलली, बाबा, आईनी तुमाला सांगतला ना? फेरी म्हंजे बोट.

म्हातारा बोलला, फेरी म्हंजे बोट?

मी बोलली, फेरी म्हंजे बोट कदीपासून झाली?

इंग्लिशमदी फेरीच बोलतात आई, जावई बोलले. त्यांचा तोंड पडला.

जाव हसायला लागली ती थांबेना. बाय, तू जिनगीभर बोट चालवलीस नि आमाला कदी सांगतला नाय! डोक्यावर बोट घेऊन बोयसरला जायचीस!

दुसरा दिवस असता तर मी पन हसली असती. म्हातारा हसला नाय. त्यानी माझ्याकडं बगितला. बोलला, तू दिव्यावर हात ठेवला होता. नि उठून मागच्या अंगाला गेला. झोपाला अर्धा, खांबाला तसाच लटकत राहिला.

जावई बोलले, आई, मी पयल्या दिवसापासून फेरीच बोलतोय.

बोलत होता तुमी, मी बोलली. तुमची चूक नाय. माझी पन नाय. शब्दच तसा निघाला.

मंग खऱ्या फेऱ्यानी जाऊ, असा मी बोलली. जावयांनी परत नकाशा काढला, त्यावर बोट फिरवला, मान हलवली. सुट्टी पुरत नाय. म्हाताऱ्याला लघवीला सारखा थांबायला लागते, कंबर धरते, त्यात तेवढा लांब गाडीत बसवायचा. लेक बोलली, फेऱ्यानी गेलो तर आपन पोचायच्या आत नवरी सासरी पोचलेली असेल. दोस्ताला वाटते हा रागानी येत नाय. ह्याला जायाचा हाय. नि मदी पानी. मी दिव्यावर हात ठेवलेला. कुठला धरायचा नि कुठला सोडायचा?

मी चहा घेऊन मागं गेली. तो भिंतीला तोंड करून बसला होता, पाठीमागं दर्या. मी बाजूला बसली. मी दर्याकडं तोंड करून बसते, मला काय नाय होत.

मी बोलली, मला कलला नाय वो. मी फसवला नाय.

म्हाईत हाय मला, बोलला. तुला फसवता येत नाय.

मंग बोलला, पान्याची भीती नाय गो. पान्यात मी वाढलो.

मंग कसली?

रस्त्यावर पाटी असते. अच्छाडला मोठी पाटी हाय, इथून गुजरात. लहान पोर पन वाचते. पान्यावर काय असते?

मी बोलली, पान्यावर कोन पाटी लावनार?

तेच. त्या दिवशी सगला सारखाच होता. इकडचा पानी नि तिकडचा पानी, काय फरक नाय. तांडेल बोलला आत हाय. मी दर्याकडं बगितला. मला पन आतच वाटला. मीच पयला जाला सोडला गो.

इतक्या वर्सांत हा तो कदी बोलला नव्हता. मी चहाचा कप त्याच्या हातात दिला.

मंग हा दोस्ताला सांग ना, मी बोलली.

हाच सांगायला जायाचा होता, बोलला.

चहा प्याला नि लेकीला हाक मारली, फोन लावून दे. दोस्ताला येत नाय म्हनून सांगायचा होता. लेकीनी लावला, आवाज मोठा केला. ओट्यावरची सगली मागच्या अंगाला आली, जाव सगल्यात पुढं.

म्हाताऱ्यानी त्याला सगला घोटाला सांगतला, फेरी नि फेरा. पलीकडं दोस्त इतका हसला का त्याला खोकला आला. मंग म्हातारा बोलला, मी बोटीवर नाय बसनार, तांडेल. मेरे से नहीं होगा.

मंग दोस्त बोलला, मेरा तो एक पाय गया, भाई. तेरे दो हैं, दोनों को घर में बांधके रख. गाय जैसा.

जाव हसली, मंग तोंडावर पदर घेतला.

म्हातारा बोलला, राग नाय माझ्या मनात.

तो तू फोन पे बोलता है, दोस्त बोलला. मंग त्याचा आवाज खाली आला. सुन. वो खाडी मेरी देखेली है. दोनों बाजू अपनाच है. उधर कोई लाईन नहीं. पर इस बार मैं नहीं बोलूंगा अंदर है. मैंने बोला था एक बार. अब तू खुद देख. आना है तो आ, नहीं आना तो मैं समझूंगा.

काय समजनार ते त्यानी सांगतला नाय. पन आमाला सगल्यांना कलला.

म्हातारा फोन हातात धरून तसाच बसला. लेकीला वाटला फोन कटला, तिनी वाकून बगितला. नव्हता कटला. मंग म्हातारा बोलला, आमच्याकडं न बगता, भिंतीकडं बगून: खिडकीत नाय बसनार मी. पानी दिसेल तिथं नाय बसनार.

म्हंजे येतात! जाव वरडली. भावजी येतात!

क्या बोली? पलीकडून दोस्त इचारत होता. क्या बोली वो?

तिथून नवीन घोटाला सुरू झाला, तो अजून संपला नाय. म्हातारा बोलला, मी खाली गाडीतच बसतो, काचा लावून. जावयांनी वाचून सांगतला का गाडीत कोनाला बसू देत नाय, सगल्यांनी वर जायाचा. मंग वरच्या खोलीचे फोटो काढले. बगावा तिकडं काचा. ह्या बाजूला काच, त्या बाजूला काच, पुढं पन काच. मदल्या रांगेत बसलो तरी दोन्हीकडून दर्या दिसतोय. लोकांना दर्या बगायचा असतो ना. पैसे देऊन बगतात.

लेकीनी मोबाईलवर एक नंबर शोधून फोन लावला. एक पोरगी हिंदीत बोलली. लेकीनी इचारला, पानी दिसनार नाय अशी जागा हाय काय? ती बोलली, मॅडम, टेन्शन मत लो, सबको दिखता है, बहुत अच्छा व्यू है. लेक बोलली, नाय, आमाला नाय बगायचा. ती बोलली, खिडकी के पास चाहिए तो जल्दी आना. तिसऱ्यांदा इचारला तवा तिला वाटला आमी मस्करी करतोय, नि तिनी ठेवून दिला. तिची पन चूक नाय. असा कोन इचारतो?

जाव बोलते, भावजीच्या डोक्यावरून टॉवेल घ्या नि नवरीसारखा बसवा, लग्नाचाच प्रवास हाय. म्हातारा बोलला, चालेल. तो खरा बोलला का मस्करीत ते मला कलला नाय. मी बोलली, मी पान्याच्या बाजूला बसेन, तो माझ्या आडोशाला. जाव बोलली, बाय, तू येवढीशी, तुझ्या आडोशाला काय दर्या मावतो काय? लेक बोलते, गोली देऊन झोपवू. ते नको. झोपेतून उठल्यावर पान्यात हाय असा कलला तर मानूस काय करेल? जागाच बरा.

झोपाला आता पुरा होत आलाय. दोन टोकांच्या गाठी तेवढ्या राहिल्यात. म्हातारा रोज थोडा थोडा विनतो, नि मदीच इचारतो, जागा मिलाली काय? मी बोलते, बगतोय. मिलाली नाय तर तो येनार नाय, मला म्हाईत हाय. चिल्हार फाट्यावरूनच परत फिरवेल गाडी. नाय तर हजिऱ्यापर्यंत येईल नि त्या बोटीचा तोंड बगून तिथंच बसून राहील, दर्याकडं पाठ करून. मंग दोस्त जे समजायचा ते समजेल.

दिव्यावर हात ठेवला त्याचा काय, हा मी देवाला इचारला. देव काय बोलला नाय. मी पन परत इचारला नाय.

लेक बोलते, आई, कागद भरला, शेवटी काय लिवू? आमच्या लोकांच्या दिवाली अंकात हा छापनार हायेत, म्हंजे लग्नाच्या आदी लोका वाचतील. तर शेवटी हाच लिव.

वाचनाऱ्यांमदी कोन त्या फेरीत बसला असेल, हजिऱ्यावरून घोघ्याला गेला असेल, तर आमाला सांगा. आत एकादी जागा हाय काय, जिथून पानी दिसत नाय? जिन्याच्या खाली, भिंतीच्या आड, चहावाल्याच्या पाठी, कुठली पन चालेल. बाकडा नसला तर आमी चटई घेऊन येऊ. फक्त कुठल्या बाजूला ते नीट सांगा, डावा का उजवा. घर सापडायला कठीन नाय. नवापूरला या नि कोनाला पन इचारा, दर्याकडं पाठ करून बसतो त्याचा घर कुठला. ते दाखवतील.